मशीन सुरू होण्याआधी

गालिचा धुणारा माणूस किती जाणता आहे हे त्याच्या मशीनवरून ठरवू नये. घरात शिरल्यावर तो आधी काय करतो ते बघावं. कोथरूडमधल्या एका घरी काका आले, चपला दाराबाहेर काढल्या, चहाला “नंतर” म्हणाले आणि सरळ गुडघे टेकून गालिच्याशेजारी बसले. कोपरा उलटला. पाठीमागची वीण अंगठ्याने चाचपली. झालरीचा एक गोंडा बोटांत धरून हलकेच ओढला. पांढरं सुती फडकं ओलं करून लाल वेलबुट्टीवर थोडा वेळ दाबून धरलं आणि उजेडात नेऊन पाहिलं. शेवटी कडेचा, कुणाच्या नजरेत येणार नाही असा एक धागा कात्रीने काढून बाल्कनीत नेला, काडी लावली आणि विझल्यावर वास घेतला. एवढं होईपर्यंत मशीन खाली गाडीतच होतं आणि हाताखालची दोन्ही पोरं जिन्यात उभी होती.

“लोकर आहे, हाताने गाठी मारलेला आहे,” काका म्हणाले. “लाल रंग थोडा सुटतोय, म्हणजे बेताने घ्यावं लागेल. होईल स्वच्छ. पण त्या कोपऱ्यातला चहाचा डाग पूर्ण जाणार नाही, फिका होईल. आत्ताच सांगून ठेवतो, वहिनी.”

“दुसरे एक जण फोनवर शंभर टक्के जाईल म्हणाले होते.”

“त्यांनी येऊन पाहिलाय का?”

पाहिला नव्हता. काम काकांना मिळालं.

या लेखासाठी मी गेल्या वर्षी विसर्जनापासून दिवाळीपर्यंत, जमेल तशी, या नवरा-बायकोबरोबर पुण्यात फिरले. लोकांच्या घरातल्या गोष्टी यात येणार म्हणून आपली नावं छापू नयेत असं दोघांचं म्हणणं पडलं. पोरं त्यांना काका-काकू म्हणतात, मीही तेच म्हणते. काका तरुणपणी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला होते. लग्नानंतर पुण्यात आले आणि हॉटेलाने काढून टाकलेलं एक जुनं मशीन घेऊन त्यांनी धंदा सुरू केला. काकू फोन, वही, पैसे आणि वेळापत्रक सांभाळतात. एक ईको गाडी, पाणी मारून ओढणारी दोन मशीन, एक कोरडा व्हॅक्यूम, तीन ब्लोअर आणि दोन पोरं एवढा सगळा पसारा. मी पहिल्यांदा रसायनांबद्दल आणि यंत्रांबद्दलच विचारत राहिले. फिरता फिरता कळत गेलं की या धंद्याची सगळी अक्कल मशीन सुरू होण्याआधीच्या पंधरा-वीस मिनिटांत पणाला लागते, आणि कशाला हात लावायचा नाही हे ओळखणं हा तिचा सगळ्यात अवघड भाग आहे.

धागा जाळून बघण्याची रीत कापडाच्या धंद्यात फार जुनी. केस जळल्याचा वास आला, ज्योत लगेच विझली आणि बोटांनी चुरडता येणारी काळी राख राहिली, तर ती लोकर किंवा रेशीम. कागदासारखा जळून मऊ राखाडी राख झाली, तर कापूस, ताग किंवा व्हिस्कोस. वितळून कडक मणी झाला, तर नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. पुढचं सगळं या एका धाग्यावर ठरतं: कोणता साबण, किती गरम पाणी, ब्रश कोणता, वाळायला किती वेळ, आणि मुळात पाणी लावायचं की नाही.

लोकर म्हणजे मेंढीचे केस. आपल्या केसांत आणि नखांत असतं तेच केराटिन नावाचं प्रथिन तिच्यात असतं. सोडा घातलेली कपड्यांची पावडर तिला सोसत नाही. धागा खरखरीत होतो, रंग हलतो. फरशी पुसायला वापरतात ते क्लोरीनचं ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं. काकांनी मला एका काचेच्या ग्लासात धाग्याचे दोन-तीन तुकडे टाकून दाखवलं. काही वेळाने धागे दिसेनात, नुसतं पिवळट पाणी उरलं. नव्या पोराला कामावर घेतलं की त्याचा पहिला धडा हाच. त्यानंतर त्याला ब्लीचची बाटली गाडीत ठेवू नको असं पुन्हा सांगावं लागत नाही.

लोकरीचा दुसरा गुण ग्राहकांना चकवतो. स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी पिऊनही ती हाताला ओली लागत नाही. पायाला कोरडा वाटला म्हणून गालिच्यावर लोक सोफा, टीपॉय सगळं परत मांडतात. आत ओल असते. आठवडाभराने खालून कुबट वास यायला लागतो आणि दोष धुणाऱ्यावर येतो. म्हणून काका निघताना सोफ्या-टीपॉयच्या पायांखाली ठेवायला प्लास्टिकचे तुकडे देतात आणि किती वेळ पंखा सुरू ठेवायचा ते कागदावर लिहून देतात. तोंडी सांगितलेलं दिवाळीच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहत नाही, असा त्यांचा अनुभव आहे.

मराठी घरात सगळ्यात जास्त बोलावणी हळदीच्या डागासाठी येतात. हळदीकुंकू, केळवण, पूजा, किंवा नुसतीच आमटीची वाटी उलटणं. हळदीवर साबण पडला की ती लाल होते, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीच्या संगतीत रंग बदलतं. परंपरेने कुंकू याच गुणावर, हळदीला चुन्यासारखा क्षार देऊन करत आले. पण गालिच्यावर तो लाल रंग दिसला की माणूस घाबरतो आणि घासत सुटतो. घासल्याने डाग पसरतो आणि लोकरीची टोकं कायमची फिसकटतात. काका आधी चमच्याने वरचं उचलतात, कोरड्या फडक्याने टिपतात, सौम्य आम्ल देऊन लाल पुन्हा पिवळ्यावर आणतात. मग जमलं तर गालिचा खिडकीशी सरकवतात, कारण हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. मात्र गालिच्याचे स्वतःचे रंगही उन्हात विटतात, तेव्हा किती वेळ ठेवायचा हा अंदाजाचा आणि धीराचा प्रश्न. हळद हा लोकर-रेशमाला रंग म्हणून वापरात असलेला पदार्थ आहे. लोकरीला बसलेली हळद पूर्ण काढून देतो, असं काका कधीच म्हणत नाहीत.

रक्ताला गार पाणी, चहाला आम्ल, पानाच्या पिचकारीला नमस्कार: अशी ही यादी लांबत जाते. ती कुठल्याही माहितगाराकडून मिळेल. खरी अडचण डागात नसून धाग्यात असते, आणि गेल्या काही वर्षांत ती व्हिस्कोस या एका धाग्यामुळे फार वाढली आहे.

बाणेर, बालेवाडी, खराडी इथल्या नव्या टॉवरांमध्ये मंद चमक असलेले, राखाडी किंवा मोतिया रंगाचे गालिचे घातलेले दिसतात. दुकानात त्यांना कुणी आर्ट सिल्क म्हणतं, कुणी बांबू सिल्क. मूळ लाकडाच्या नाहीतर बांबूच्या लगद्याचं, आणि धागा व्हिस्कोसचा. दिसायला रेशमासारखा, भावाने रेशमाच्या पासंगालाही नाही. ओला झाला की मात्र त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. साध्या पाण्याचा पेला सांडला तरी वाळल्यावर पिवळट कडा उमटते, उभे धागे आडवे पडून एकमेकांना चिकटतात आणि तिथे हात फिरवला की वाळलेल्या ब्रशसारखं टोचतं. ज्या गालिच्याला पाणी म्हणजेच डाग, तो पाण्याने धुणार कसा?

बाणेरला एका घरी नेमकं हेच झालेलं होतं. लहान मुलाच्या हातून पाणी सांडलं, कामाच्या मावशींनी चांगल्या मनाने ओल्या फडक्याने घासून पुसलं, आणि ताटाएवढा डाग पडला. काकांनी धागा जाळला, कोपरा उलटला आणि उठून उभे राहिले.

“हा मी धुणार नाही, ताई. कोरडा व्हॅक्यूम करतो आणि हा भाग ब्रशने उभा करून बघतो. त्याने जेवढं सुधारेल तेवढंच.”

“पण तुम्ही कार्पेट क्लीनिंगवाले ना? मग क्लीनिंग का नाही करणार?”

“धुतला तर आत्ता एवढाच डाग आहे, तो सगळ्या गालिच्यावर पडेल. मी दोन तास काम करून पैसे घेतले असते आणि तुम्ही उद्या मला फोन केला असता. दोघांचंही नुकसान.”

ताई चिडल्या. डिझायनरने निवडलेला, महागाचा गालिचा होता, आणि विकताना याला पाणी चालत नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा राग मला रास्त वाटला, फक्त तो चुकीच्या माणसावर निघाला. विकणाऱ्याने लपवलेलं सत्य सांगण्याची पाळी शेवटी गुडघ्यांवर बसलेल्या या माणसावर येते. काकांनी ब्रश फिरवला, थोडा फरक पडला, येण्याजाण्याचे म्हणून जे ठरलेले असतात तेवढेच पैसे घेतले. गाडीत बसल्यावर काकूंना फोन करून वहीत नोंद करायला सांगितली.

कोपरा उलटायचा तो अशासाठीही की ‘हँडमेड’ या एका नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर प्रत्येक गाठ दिसते आणि नक्षी पुढच्याइतकीच मागेही स्पष्ट असते. त्याची झालर म्हणजे गालिच्याच्या ताण्याचीच टोकं, ती वेगळी शिवलेली नसते. टफ्टेड गालिच्यात कापडावर बंदुकीसारख्या हत्याराने धागे ठोकतात, मागे लॅटेक्सचा थर देतात आणि वर दुसरं कापड चिकटवतात. तोही हातानेच केलेला असतो, भदोही-मिर्झापूरच्या कारागिरांनीच बहुतेक. त्यांच्या कष्टात खोट नाही. पण काही वर्षांनी लॅटेक्स कोरडं पडून पीठ गळतं, पाणी लागलं की रबराचा उग्र वास सुटतो. पहिला गालिचा नीट वापरला तर नातवंडांपर्यंत टिकतो. दुसऱ्याचं आयुष्य त्या डिंकाएवढं. धुणाऱ्याला हे कळलं नाही तर दोन्हींना एकच पाणी लागतं.

पाण्याबद्दल काकांचं एक वाक्य पोरांना पाठ आहे: जेवढं मारलं तेवढं ओढता आलं पाहिजे. त्यांच्या मशीनला 10 लिटरची टाकी आहे. नळीच्या टोकाशी चपटं तोंड. दट्ट्या दाबला की गरम पाणी फवारलं जातं आणि त्याच तोंडातून लगेच परत खेचलं जातं. नवं पोर उत्साहात दट्ट्या सोडतच नाही. काळं पाणी टाकीत पडताना बघून ग्राहकही खूश होतात. पण वाजवीपेक्षा जास्त पाणी गेलं की ते तागाच्या पाठीपर्यंत उतरतं, आणि वाळताना वर चढत येतं ते तागातला तपकिरी रंग घेऊनच. काल स्वच्छ दिसलेला फिका गालिचा आज चहात बुडवल्यासारखा दिसतो. खोल मुरलेले डागही असेच दुसऱ्या दिवशी वर येतात. लोकांना वाटतं, डाग काढलाच नव्हता. काढला होता, त्याचा तळातला भाग पाण्याबरोबर वर चढला. म्हणून एकदा पाणी मारलं की दोन-तीनदा नुसतं ओढत राहायचं, हात दुखेपर्यंत. आणि साबण कमीत कमी. आत राहिलेला साबण वाळूनही चिकट असतो, धूळ धरतो, आणि ‘धुतल्यापासून जास्तच मळतोय’ ही तक्रार तिथून येते.

मुळात पाण्याआधी धूळ. गालिच्यातल्या मळाचा तीन-चतुर्थांश भाग नुसती कोरडी माती असते, असं या व्यवसायात सगळीकडे मानलं जातं. पुण्यात चाललेली बांधकामं बघता मला ते पटतं. ही माती म्हणजे बारीक वाळूच. पाय पडला की ती धाग्यांच्या मुळाशी करवतीसारखी चालते. ओली केली की चिखल. त्यामुळे काका आधी गालिचा पालथा घालून पाठीवरून व्हॅक्यूम फिरवतात, उलटल्यावर खाली फरशीवर मातीची रांगोळी पडलेली असते. आपल्या आज्या सतरंज्या आणि जाजमं गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीने झोडायच्या, ते यंत्र नसतानाचं अचूक शास्त्र होतं. घोंगडी तर सहसा धुतच नसत. ऊन द्यायचं, झटकायची, फारच झालं तर रिठ्याच्या पाण्यातून काढायची. लोकरीला काय मानवतं हे धनगरांच्या घरात कुणी शिकवावं लागलं नसेल.

यंत्राने धूळ ओढायची कल्पनाही एका गालिच्याच्या गोष्टीशी जोडलेली आहे. लंडनमध्ये 1901 साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवण्याऐवजी ती खेचून घेणारं यंत्र केलं. ते इतकं मोठं होतं की घोडागाडीवर बसवून रस्त्यात उभं करत आणि खिडक्यांतून लांब नळ्या घरात सोडत. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे त्याच यंत्राने साफ केले गेले. त्याच्याही आधी, 1876 मध्ये, अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स इथे चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या मेल्विल बिसेलने हाताने ढकलायच्या गालिचा-झाडणीचं पेटंट घेतलं. भांड्यांच्या पेट्यांतला भुसा गालिच्यात अडकायचा, तो निघावा म्हणून. मेल्विल 1889 मध्ये वारला आणि त्याची बायको ॲना हिने कारखाना हातात घेतला, वाढवला, परदेशात नेला. काकूंना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “उधारी कशी वसूल करायची ती?” मला याचं उत्तर देता आलं नाही. पुण्यात ऑफिसांची बिलं काकूच वसूल करतात, दर सोमवारी, न चुकता, आवाज न चढवता.

काकूंचा फोन म्हणजे तपासणीचा पहिला टप्पा असतो. गालिचा केव्हा घेतला, कुठून घेतला, लिफ्ट आहे का, पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं. शेवटच्या प्रश्नाचं कारण मला वाघोलीला समजलं. टँकरने येणाऱ्या बोअरच्या जड पाण्यात साबण नीट काम करत नाही आणि वाळल्यावर गडद रंगांवर पांढुरकी झाक राहते. तिकडच्या कामाला गाडीत खडकवासल्याच्या पाण्याचे कॅन भरून नेतात, शेवटचा हात त्या पाण्याने फिरवतात.

आणखी एक प्रश्न त्या विचारतात, अगदी सहज, वेळ ठरवता ठरवता: घरात तान्हं बाळ, कुत्रं-मांजर किंवा अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का? लघवीचा डाग हा या धंद्यातला सगळ्यात नाजूक विषय. ताजी असताना काहीच अवघड नसतं. जुनी झाली की युरिक आम्लाचे स्फटिक धाग्यांत आणि खालच्या पॅडमध्ये घट्ट बसतात, कोरड्या हवेत गप्प असतात, आणि दमट हवा लागली की वास पुन्हा उठतो. पावसाळ्यात असे फोन वाढतात. वरवर अत्तर मारून काही होत नाही, एन्झाइमचं द्रावण लघवी जिथपर्यंत गेली तिथपर्यंत पोचावं लागतं आणि त्याला तासन्‌तास वेळ द्यावा लागतो. काका खिडक्यांचे पडदे ओढून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवतात, डाग अंधारात पिवळट चमकतात. काही वेळा ते इतके खोल गेलेले असतात की पॅड फेकून द्या, एवढंच सांगता येतं.

हे रसायन झालं. पण एका घरी सासरे दोन वर्षं अंथरुणावर होते, नुकतेच गेले होते, आणि सून तो दिवाणखाना पुन्हा दिवाणखाना करू पाहत होती. काकूंनी फोनवरच सगळं समजून घेतलं होतं. त्यामुळे पोरांसमोर तिला एक शब्दही बोलावा लागला नाही. काकांनी टॉर्च काढायच्या आधी “तुम्ही आत बसा, ताई, आम्ही हाक मारतो,” म्हणून तिला आत पाठवलं. ज्या डागांवरून त्या माणसाचे शेवटचे महिने वाचता येत होते, ते तिने पाहू नयेत एवढीच इच्छा. काम संपल्यावर ती बाहेर आली, बराच वेळ खिडकीशी उभी राहिली आणि मग काकूंना फोन लावून बोलत बसली. हे कौशल्य कुठल्या दरपत्रकात लिहितात? मला ते या सगळ्या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं वाटलं.

नकाराची सगळ्यात मोठी परीक्षा 2019 मध्ये झाली. 25 सप्टेंबरच्या रात्री पुण्यात ढग फुटल्यासारखा पाऊस पडला, आंबिल ओढ्याला पूर आला, सहकारनगर-अरण्येश्वर भागात भिंती पडल्या, माणसं वाहून गेली. दुसऱ्या दिवसापासून काकूंचा फोन थांबेना. तळमजल्यांवरचे सोफे, गाद्या, गालिचे, सगळं ओढ्याच्या पाण्यात बुडून निघालं होतं. कामाचा असा पूर धंद्याला क्वचितच येतो. पण ते पाणी म्हणजे सांडपाणी होतं. पाण्याच्या नुकसानीसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत अशा पाण्याचा तिसरा, सगळ्यात घातक वर्ग केलेला आहे. त्यात भिजलेला गालिचा आणि फोम वाचवायच्या भानगडीत पडू नये असा संकेत आहे. काकांना तेव्हा ते मानक ठाऊक नव्हतं. नाकाला येणारा वास पुरेसा होता. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, फोमच्या गाद्या आणि सोफे टाकून द्या, लाकडी सांगाडे वाचतील. दुसरी माणसं त्याच गल्लीत शाम्पू मारून पैसे घेऊन जात होती. अनेकांना काकांचं बोलणं क्रूर वाटलं, कारण सगळं गेलेल्या माणसाला उरलंय तेही टाक म्हणणं सोपं नसतं. त्या दिवसांत काकांनी पैसे घेतले ते फक्त पाणी उपसून फरश्या कोरड्या करून देण्याचे, आणि तेही सगळीकडे घेतले नाहीत.

2020 मध्ये धुराच्या मशीनने घर ‘सॅनिटाइझ’ करून देण्याची लाट आली तेव्हाही असंच झालं. घरात जंतुनाशकाचा फवारा किंवा धूर मारणं हा नेहमीचा उपाय म्हणून योग्य नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने त्या मे महिन्यात स्पष्ट केलं होतं. काकूंनी ती बातमी फोनवर वाचली आणि आलेली कामं नाकारली. गाडीचे हप्ते त्या वर्षी त्यांनी दागिने ठेवून भरले.

पैशाचं गणित असं आहे: गालिच्याला चौरस फुटाने, सोफ्याला सीटच्या हिशेबाने. वर्षातली निम्मी कमाई गणपतीच्या आधी आणि दसरा-दिवाळीत होते. सेवांची उलाढाल वर्षाला 20 लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी आणि बिलावर 18 टक्के कर, म्हणून या धंद्यातले अनेक छोटे लोक त्या रेषेच्या अलीकडेच राहणं पसंत करतात. मोबाइल ॲपवरून कामं देणाऱ्या कंपन्या आल्यापासून दर खाली ओढले गेले आहेत. ॲप एका सोफ्याला ठरावीक मिनिटं देतं. त्या मिनिटांत कोपरा उलटणं, फडकं दाबून बघणं, धागा जाळणं कुठे बसवायचं? तिथे काम करणारी पोरं वाईट नाहीत, काकांकडेच तयार झालेली काही तिथे आहेत. त्यांच्या हातातून जो वेळ काढून घेतला गेला, तोच या कामाचा गाभा होता.

“एवढ्यात नवीन येईल,” हे वाक्य काका रोज ऐकतात. पॉलिप्रॉपिलीनचा यंत्रावर विणलेला स्वस्त गालिचा असला तर ते स्वतःच म्हणतात, “खरंय, नवीनच घ्या.” या प्रामाणिकपणाने काम जातं. पण ज्याला तसं सांगितलं त्यानेच पुढे आजीच्या काश्मिरी गालिच्यासाठी किंवा सासऱ्यांच्या ऑफिससाठी बोलावल्याच्या नोंदी काकूंच्या वहीत आहेत. त्या वहीत केलेल्या कामांइतकीच नाकारलेली कामंही तारखेसह, कारणासह लिहिलेली आहेत. व्हिस्कोस. रंग सुटतो. लॅटेक्स गेलंय. कसर लागलीये, आधी पेस्ट कंट्रोल. वहीचं हे अर्धं पान माझ्या मते दुसऱ्या अर्ध्याइतकंच मोलाचं आहे, कारण तेच चाळत पोरं शिकतात.

अमेरिकेत 1972 पासून या व्यवसायाची प्रमाणपत्रं देणारी संस्था आहे, आयआयसीआरसी नावाची. तिच्या अभ्यासक्रमात धागा ओळखणं, आम्ल-अल्कलीचं प्रमाण, वाळवण्याचं शास्त्र असं सगळं शिकवतात आणि परीक्षा घेतात. काका जे चुकतमाकत, नुकसानभरपाई देत शिकले, ते तिथे वर्गात बसून शिकता येतं. आपल्याकडे मात्र सफाई म्हटलं की त्यात शिकण्यासारखं काही असेल असंच वाटत नाही. गालिचा विणणारा कारागीर, विकणारा व्यापारी आणि धुणारा ‘तो क्लीनिंगवाला’. एका सोसायटीत पोरांना सामानाच्या लिफ्टनेच जा म्हणून सांगितलं, ती बंद होती, तर मशीन खांद्यावर घेऊन सात मजले चढावं लागलं. पंचेचाळिशीत काकांच्या गुडघ्यांची गादी झिजली. आता तपासणी ते करतात, ओढायचं काम पोरं करतात, आणि पोरांनी गुडघ्यांना पॅड बांधल्याशिवाय काम सुरू करायचं नाही हा काकूंचा दंडक आहे. कोवळ्या वयात तो त्यांना जाच वाटतो. काका खुर्चीतून उठताना काय होतं ते बघितलं की गप्प बांधतात.

दोन पोरांपैकी थोरला, बीड जिल्ह्यातून आलेला, या दिवाळीपासून पिंपरी-चिंचवडला स्वतःचं काम सुरू करतोय. जुन्यातलं एक मशीन काकांनी त्याला हप्त्यांवर दिलं आहे. नदीच्या पलीकडची जी बोलावणी येतील ती त्याची, असं ठरलं. काकूंनी त्याला फोनवर विचारायचे प्रश्न एका वहीत उतरवून दिले आणि धनत्रयोदशीच्या आधीच्या तीन दिवसांत लोकरीचा गालिचा घ्यायचा नाही अशी अट घातली. त्या दिवसांत खिडक्या बंद असतात, त्यांना माळा लावलेल्या असतात, पंख्याखाली रांगोळी काढलेली असते. वाळायला जागाच नसते, आणि लक्ष्मीपूजनाला लोक त्यावर बसतात. त्या तीन दिवसांत सोफे आणि खुर्च्या घ्यायच्या, गालिचेवाल्यांना भाऊबीजेनंतरची तारीख द्यायची. थोरल्याने परवा फोन केला तेव्हा त्याच्याकडे अशा चार तारखा लिहून झाल्या होत्या, आणि एका आजींच्या गालिच्याचा धागा जाळल्यावर मणीही झाला आणि केसाचा वासही आला, तर तो नक्की कशाचा समजायचा, हे त्याला विचारायचं होतं. मिश्र धागा, काका म्हणाले, लोकर धरूनच चाल.